मेंदूचा नकाशा आणि माणसाचा दोष

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी कार्यालयात बसलो होतो. एक मध्यमवयीन दांपत्य आत आले. त्यांचा तरुण मुलगा दारूच्या आहारी गेला होता, हे गावात सर्वांना ठाऊक होते. वडिलांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कुठल्याशा मासिकातले पान होते. त्यावर मेंदूची दोन रंगीत चित्रे शेजारी शेजारी छापली होती, एक निरोगी माणसाच्या मेंदूचे आणि दुसरे व्यसनी माणसाच्या. दुसऱ्या चित्रात करड्या वळ्यांवर नारिंगी-पिवळे ठिपके निखाऱ्यांसारखे दिसत होते.

"फादर, त्याचा मेंदूच असा असेल, तर मी त्याला रोज शिव्या का देतो? आणि त्याने पापनिवेदनात तरी काय सांगायचे?" वडिलांनी विचारले.

आई इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, "आणि मेंदूच तसा असेल फादर, तर मग तो कधी सुधारायचाच नाही का?"

एकाच चित्रातून दोघांनी दोन अर्थ काढले होते. बापाला त्यात मुलाची निर्दोष सुटका दिसली, तर आईला त्याची जन्मठेप. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. प्रार्थनेचे आश्वासन देऊन मी त्यांना निरोप दिला. ते गेल्यावर मात्र मन अस्वस्थ झाले, आणि त्याचे कारण केवळ त्यांचे दुःख नव्हते. थोड्याच महिन्यांपूर्वी एका मौनसाधनेत मी स्वतः असेच चित्र हाती धरून श्रोत्यांना सांगितले होते की, प्रार्थनेच्या वेळी मेंदूचा अमुक भाग उजळतो आणि विज्ञानालाही आता देवाची जागा सापडली आहे. श्रोते भारावून गेले होते. मी ते चित्र तपासून पाहिले होते का? नाही. त्या बापाने चित्रावर जेवढा भोळा विश्वास ठेवला, तेवढाच मीही ठेवला होता. फरक एवढाच की त्याला आशा हवी होती आणि मला टाळ्या.

पुढे आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी सुट्टीत घरी आली. ती मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन करते. तिने आपला संगणक उघडून ही चित्रे कशी तयार होतात ते मला दोन संध्याकाळी समजावून सांगितले. ते ऐकताना मला जाणवले की, हा विषय जितका विज्ञानाचा आहे तितकाच सत्यवचनाचाही आहे. म्हणून येथे तो थोडा विस्ताराने मांडतो.

शाळेत आपण भूमितीत निर्देशक शिकलो. आरंभबिंदू ठरवायचा, अक्ष काढायचे, आणि कोणत्याही बिंदूचा पत्ता आकड्यांत सांगायचा. मेंदूच्या नकाशातही हीच रीत आहे. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा एक छोटा पट्टा पुढच्या बाजूस असतो. तेथे आरंभबिंदू धरतात आणि डावे-उजवे, पुढे-मागे, वर-खाली असे तीन आकडे मिलिमीटरमध्ये मोजतात. ही पद्धत झां तालैराक या फ्रेंच मेंदूशल्यविशारदाने रूढ केली. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या जागी शस्त्र नेमके पोहोचावे, हा त्यामागचा हेतू होता. रुग्णांची सेवा हेच या आकड्यांचे मूळ आहे. त्यांनी आणि प्येर तूर्नू यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला मेंदूचा नकाशासंग्रह पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत प्रमाण मानला गेला.

हा सारा नकाशा एका मृत स्त्रीच्या मेंदूवरून काढलेला आहे. ती साठ वर्षांची फ्रेंच स्त्री होती. तिचे नाव नकाशावर नाही. तिने आयुष्यात काय सोसले, कोणावर प्रेम केले, ती कोणती प्रार्थना म्हणत होती, हेही त्यात नाही. पण अनेक वर्षे जगातल्या हजारो जिवंत माणसांचे मेंदू संगणकात ताणून, आखडून तिच्या मेंदूच्या मापात बसवले गेले आणि त्यांतल्या घडामोडींचे पत्ते तिच्या मेंदूच्या भाषेत लिहिले गेले. शिवाय त्या नकाशावरच्या विभागांना जे क्रमांक आहेत, ते जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनियान ब्रोडमान याने १९०९ साली सूक्ष्मदर्शकातून पेशींची रचना पाहून दिलेले. त्या स्त्रीच्या मेंदूवर मात्र ते सूक्ष्मदर्शक न लावता, चित्रावरून अंदाजाने मांडले गेले. तालैराक यांनी काही लपवले नाही. विसर पडला तो नंतर नकाशा वापरणाऱ्यांना.

एका मेंदूवर अवलंबून राहणे बरे नव्हे, म्हणून कॅनडातील माँट्रियालच्या संस्थेने आधी ३०५ आणि पुढे १५२ माणसांच्या मेंदूंची सरासरी काढून नवे प्रमाण तयार केले. आज बहुतेक ठिकाणी तेच चालते. पण हा सरासरी मेंदू त्या फ्रेंच स्त्रीच्या मेंदूपेक्षा मोठा आहे. त्यामुळे तेच तीन आकडे दोन्ही नकाशांत एकाच जागी पडत नाहीत. काही भागांत हे अंतर जवळजवळ एक सेंटिमीटर भरते. आकडे कोणत्या नकाशाचे आहेत हे लेखकाने सांगितले नाही, किंवा वाचणाऱ्याने पाहिले नाही, तर ठिपका चुकीच्या घरात जाऊन पडतो, आणि तरीही चित्र तितकेच सुबक दिसते. हैदराबादच्या संशोधकांनी २०१९च्या सुमारास शंभर भारतीय तरुण-तरुणींच्या मेंदूंवरून वेगळे प्रमाण तयार केले, तेही याच कारणाने. आपले मेंदू सरासरीने आकाराने थोडे लहान भरतात. त्यावरून कोणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवू नये. मापाचा अंगरखा ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे शिवावा लागतो, इतकेच त्यातून शिकायचे.

आता दुसरी अडचण. मेंदूची करडी साल दोन ते चार मिलिमीटर जाड असते. ती उलगडून पसरली तर साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर बाजूच्या रुमालाएवढी होईल. एवढा रुमाल कवटीत मावावा म्हणून तो चुरगळलेला असतो आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग घड्यांच्या आत दडलेला असतो. बाहेरून काढलेल्या चित्रात तो दिसतच नाही. म्हणून अलीकडे संगणक ही साल फुग्यासारखी फुगवतो किंवा कागदासारखी सपाट करतो आणि प्रयोगांत मिळालेले ठिपके तिच्यावर मांडतो. बोस्टनमध्ये तयार झालेले फ्रीसर्फर आणि अमेरिकेतील सेंट लुईस येथे डेव्हिड व्हॅन एसेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेले कॅरेट ही त्यासाठीची सुपरिचित सॉफ्टवेअर. आमच्या मुलीने बोटाच्या एका टिचकीसरशी वळ्यावळ्यांचा मेंदू फुगवून गुळगुळीत केला, तेव्हा मी लहान मुलासारखा पाहत राहिलो.

पण तिने लगेच सावध केले. "फादर, खाडीच्या दोन तीरांवरची दोन घरे समजा. पक्षी उडत गेला तर ती अगदी जवळ आहेत. पायी जायचे तर कितीतरी मैलांचा वळसा पडतो. मेंदूच्या घडीचे दोन काठही असेच. तीन आकड्यांच्या हिशेबात ती दोन स्थळे काही मिलिमीटरांवर असतात, पण साल उलगडली की कितीतरी सेंटिमीटर दूर जातात. कामेही त्यांची वेगळी असू शकतात." प्रत्येक माणसाच्या घड्या वेगळ्या पडलेल्या असतात. म्हणून एकाच्या मेंदूतला पत्ता दुसऱ्याच्या सालीवर लिहिताना ठिपका कधी अलीकडच्या तीरावर पडतो, कधी पलीकडच्या. संगणकाला संकोच नसतो. त्याला आकडे दिले की तो कुठेतरी ठिपका ठेवतोच. म्हणून जाणकार संशोधक एकच एक टोकदार बिंदू न दाखवता त्याभोवती अनिश्चिततेचे वर्तुळ काढतात किंवा अनेक माणसांच्या सालींवर तो बिंदू मांडून पाहतात. आपल्याला जे ठाऊक नाही तेही चित्रात दाखवणे, हा मला त्या कामातला सर्वांत मोठा सद्गुण वाटला.

आणि रंगांचे काय? मेंदूत काहीही "उजळत" नाही. मेंदूच्या एखाद्या भागाचे काम वाढले की काही सेकंदांनी तेथे प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो. अशा रक्ताचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. त्यांचा उपयोग करून प्रतिमा घेता येईल, हे सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास दाखवून दिले. हा फरक बहुधा शेकडा एक-दोन इतकाच असतो. तो खरा की योगायोगाचा, हे संख्याशास्त्राने ठरवतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या आकड्यांना संगणक रंग देतो. म्हणजे चित्रातला नारिंगी रंग म्हणजे विचार नव्हे, इच्छा नव्हे, पापही नव्हे. तो एका हिशेबाच्या उत्तराला दिलेला रंग आहे. मर्यादा थोडी खाली आणली तर ठिपके पसरतात, वर नेली तर नाहीसे होतात.

या हिशेबात ढिलाई केली तर काय होते, हे २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी गमतीने पण अचूक दाखवले. त्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला. त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्यांतील माणसांच्या भावना ओळखण्याचे काम दिले! नेहमीची एक दुरुस्ती न करता हिशेब केला, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूतही रंगीत ठिपके उमटले. दुरुस्ती केल्यावर ते गेले. पुढे २०२० साली 'नेचर' या नियतकालिकात याहून गंभीर निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १०८ माणसांच्या मेंदूची तीच माहिती सत्तर गटांना दिली होती आणि त्याच नऊ प्रश्नांची उत्तरे मागितली होती. कोणत्याही दोन गटांची हिशेबाची रीत तंतोतंत सारखी नव्हती, आणि कित्येक प्रश्नांवर उत्तरांत एकमत झाले नाही. हे दोष शास्त्रज्ञांनी स्वतःच शोधून उघड केले, हेही मुद्दाम नोंदवले पाहिजे. स्वतःचे माप स्वतः तपासणाऱ्या विद्येला मी कमी लेखणार नाही. आपण धर्मगुरू आपली प्रवचने इतक्या कठोरपणे तपासतो का?

येथे मला एका जुन्या माणसाची आठवण होते. निकोलस स्टेनो हा १६३८ साली कोपनहेगन येथे जन्मलेला शरीरशास्त्रज्ञ. १६६५ साली पॅरिसमध्ये विद्वानांपुढे मेंदूच्या रचनेवर व्याख्यान देण्यासाठी तो उभा राहिला. श्रोत्यांना मेंदूची रहस्ये ऐकायची होती. त्याने आरंभीच कबुली दिली की, मेंदूविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही. मग त्याने त्या काळच्या मेंदूच्या आकृत्यांमधील चुका दाखवल्या. थोर तत्त्ववेत्ता देकार्त याने मेंदूच्या मध्यभागातील एका लहान ग्रंथीत आत्म्याचे मुख्य आसन असल्याचे सांगितले होते, आणि ती ग्रंथी कलून शरीराला चालना देते असे मानले होते. ती भोवतालच्या भागांशी इतकी जखडलेली आहे की देकार्त म्हणतो तशी हलूच शकत नाही, हे स्टेनोने सौजन्याने पण ठामपणे दाखवले. आकृती बुद्धिमान होती, पण मेंदू तसा नव्हता. दोन वर्षांनी, १६६७ साली, स्टेनोने कॅथलिक धर्म स्वीकारला. पुढे तो धर्मगुरू झाला, मग बिशप झाला, आणि गरिबीत खितपत १६८६ साली वारला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला १९८८ साली धन्यवादित म्हणून घोषित केले. तालैराक यांचा नकाशासंग्रह त्याच वर्षी निघाला. हा योगायोग खरा, पण बोलका आहे.

स्टेनोने आत्म्याचा पत्ता खोटा ठरवला, आत्मा नव्हे. आम्ही सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकलो. आत्मा शरीराच्या एखाद्या कोपऱ्यात भाडेकरूसारखा राहत नाही, तो संपूर्ण शरीरात संपूर्ण असतो आणि प्रत्येक भागातही संपूर्णच असतो, अशी त्यांची शिकवण. त्याच वेळी त्यांनी हेही सांगितले की, माणसाच्या बुद्धीला शरीरातून येणाऱ्या प्रतिमांवाचून काम करता येत नाही, म्हणूनच शरीराच्या इंद्रियाला इजा झाली की विचारालाही बाधा येते. सातशे वर्षांपूर्वी हे सांगणाऱ्या गुरूचे शिष्य मेंदूच्या संशोधनाला का घाबरतील? पण तोच गुरू आपल्याला ठिपक्यात देव शोधण्यापासूनही आवरतो. ज्याला जागाच नाही, त्याचे तीन आकडे कसे लिहिणार?

ज्या प्रयोगाच्या आधारे मी मौनसाधनेत ती फुशारकी मारली होती, तो पुढे मी मुळातून समजून घेतला. २००६ साली माँट्रियालमध्ये पंधरा कार्मेल भगिनींच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या होत्या. ईश्वराची भेट आपल्या इच्छेने घडवून आणता येत नाही, असे त्या भगिनींचे म्हणणे होते. म्हणून त्यांना आयुष्यातला सर्वांत उत्कट ईश्वरानुभव केवळ आठवायला सांगितले होते. त्या वेळी मेंदूचे एक नव्हे, अनेक भाग सक्रिय झालेले आढळले. देवाची एक ठरावीक जागा मुळीच सापडली नव्हती. म्हणजे संशोधक माझ्यापेक्षा संयमी होते आणि त्या भगिनी आम्हां दोघांपेक्षा शहाण्या. देवाला यंत्रात बोलावता येत नाही, हे त्यांनी यंत्रात जाण्यापूर्वीच सांगून टाकले होते.

चित्राची साक्ष किती दूर जाऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना मेंदूतील विद्युत्-लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. पद्धत निराळी असली तरी प्रश्न तोच होता. मेंदूतील एका खुणेवरून माणसाच्या मनात काय दडले आहे हे ठरवायचे का? ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाहीत. माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडू नये, हे तत्त्व त्याच्या मेंदूलाही लागू आहे. तर्कशास्त्राचाही येथे एक साधा इशारा आहे. भीती वाटली की अमुक भाग सक्रिय होतो, हे खरे असेल. त्यावरून, तो भाग सक्रिय आहे म्हणजे माणूस भ्यालाच आहे, असे ठरत नाही. कारण तोच भाग इतरही दहा कामांत सक्रिय होतो. पाऊस पडला की अंगण ओले होते. पण ओले अंगण पाहून पाऊसच पडला असे म्हणू नये. कोणी सडाही टाकला असेल.

आता त्या दांपत्याकडे वळू. यानंतर काही दिवसांनी मी होऊन त्यांच्या घरी गेलो. कागद अजून देव्हाऱ्याजवळ होता. मी वडिलांना म्हणालो, "हे तुमच्या मुलाचे चित्र नाही. हे कोणाचेच चित्र नाही. अनेक अनोळखी माणसांची सरासरी काढून ती आणखी एका सरासरी मेंदूवर बसवली आहे. तुमचा मुलगा या ठिपक्यांत कुठेच नाही."

"म्हणजे दोष त्याचाच ना?" ते चटकन म्हणाले. एका टोकावरून ते दुसऱ्या टोकावर गेले होते.

मी त्यांना सांगितले ते असे. माणूस दारूचा पेला उचलतो तेव्हा मेंदूत काहीतरी घडते, आणि तो खाली ठेवतो तेव्हाही घडते. जे दोन्ही वेळा घडते त्याने कोणी दोषी ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. मात्र व्यसनाने इच्छाशक्ती जखडली जाते, ही गोष्ट ख्रिस्तसभेला यंत्रे निघण्याआधीपासून ठाऊक आहे. सवय, भीती, दडपण यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, असे आपली धर्मशिकवण स्पष्ट सांगते. "कमी होते" आणि "नाहीशी होते" हे दोन वेगळे शब्द आहेत. त्या दोहोंमध्ये जेवढी जागा उरते, तेवढीच तुमच्या मुलाची आजची मोकळीक आहे. ती कदाचित ओंजळभर असेल. पापनिवेदनात त्याने त्या ओंजळीचा हिशेब द्यायचा, पूर्ण विहिरीचा नव्हे. आणि आपण सर्वांनी, औषधाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, सोबतीने, प्रार्थनेने ती ओंजळ रुंदावायला मदत करायची.

आईने विचारले, "मग तो बरा होईल?"

मी म्हणालो, "ते मला ठाऊक नाही. या कागदालाही ठाऊक नाही."

हे उत्तर कोरडे होते, पण खरे होते, आणि तिला ते पुरले असे मला वाटले. जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने त्या हिशेबात शिरणे नाकारले आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला. आपणही माणूस समोर असताना नकाशावर बोट ठेवून दोष शोधत बसतो. नकाशा उपयोगी आहे. शल्यविशारदाच्या हातात तो प्राण वाचवतो, आणि तो प्रामाणिकपणे काढणाऱ्यांचे ऋण आपण मानले पाहिजे. पण तो पाहून न्याय करण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही, धर्मगुरूलाही नाही.

पुढच्या मौनसाधनेत मी श्रोत्यांसमोर माझी ती चूक कबूल केली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. तो मुलगा त्यानंतर दोनदा घसरला आणि दोनदा उठला. सध्या तो कामावर जातो आहे. मिस्सेला येतो तेव्हा शेवटच्या बाकावर बसतो, आणि त्याचे वडील आता त्याच्याच शेजारी बसतात.